तीट

पर्णीला पहिल्याच गुरुवारी शंभरात एक्क्याण्णव मिळाले आणि तिची आई, केतकी, धास्तावली.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, दोन-चार मिनिटं. पण बालवाडीतल्या सगळ्या मुलांचे अंक पालकांच्या ग्रुपवर एकदमच येत, आणि त्या यादीत पर्णीचं नाव सगळ्यांच्या वर होतं. 'काय खायला घालता हो पर्णीची आई?' 'आमच्या युवानला पाठवू का तुमच्याकडे राहायला?' शेवटी युवानच्या आईने, स्नेहलने, लिहिलं, 'नजर न लागो गं बाई!' आणि पुढे डोळा मिचकावणारा चेहरा.

तो पिवळा चेहरा केतकी बराच वेळ न्याहाळत बसली. त्याने नक्की कुठला डोळा मिचकावला होता?

त्या वर्षी जूनमध्ये बार्शीतल्या काही बालवाड्यांत नजरपाटी आली होती. चार वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारून फारसं काही हाती लागत नाही. ते लाजतं, रुसतं, नाहीतर सरळ पळून जातं. पण त्याची नजर कुठे जाते, किती वेळ टिकते, 'बदक कुठाय?' म्हटल्यावर चार चित्रांतून बदकावर किती चटकन पोचते, यावरून त्याची भाषा, स्मरण, एकाग्रता कशी वाढते आहे हे ताडता येतं. पाटीच्या वरच्या काठाला एक बारीक कॅमेरा होता आणि शेजारी अवरक्त प्रकाशाचे दिवे. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण बुबुळावरून परतून कॅमेऱ्यात शिरतो, आणि यंत्राला सेकंदातून तीनशे वेळा कळतं की मूल कुठे पाहतं आहे.

अडचण एकच. मुलं डोकं स्थिर ठेवत नाहीत. म्हणून मोजण्याआधी कपाळाच्या मधोमध एक काळी, गोल चिकटपट्टी लावत. मुलं तिला 'पाटीची टिकली' म्हणायची. ही टिकली म्हणजे यंत्राचा खुंटा. बुबुळ कुठे आहे हे यंत्र टिकलीपासून मोजायचं. डोकं हललं तर टिकलीही हलणार, त्यामुळे फक्त डोळा किती हलला तेवढं उरायचं.

मापन दर गुरुवारी. मुलाला धीर म्हणून आईने समोर, पाटीच्या मागे, खुर्चीवर बसायचं. बोलायचं मात्र नाही. सलग तीन गुरुवार साठच्या खाली गेले की मूल 'आधार गटा'त. आणि मार्चच्या शेवटच्या गुरुवारी जो अंक येईल त्यावर पहिलीचा गट ठरणार, तो चौथीपर्यंत बदलणार नाही. छायाताईंनी, म्हणजे पर्णीच्या बाईंनी, हे पालकसभेत दोनदा वाचून दाखवलं होतं.

केतकी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. प्रयोगवहीत पहिला नंबर. तरीही दुसऱ्या गुरुवारी सकाळी तिने कपाटातून एक जुनी पत्र्याची डबी काढली. तिच्या आईने लातूरहून बाळंतपणात पाठवलेलं, तुपाच्या दिव्यावर घरी धरलेलं काजळ. विकतच्यासारखं त्यात केमिकल नाही, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. मग पर्णीच्या कपाळाच्या डाव्या कडेला, केसांच्या रेषेखाली, एक छोटी तीट लावली. इतर दिवशी कानामागे चालली असती. पण गुरुवारी सगळ्यांचे डोळे असतात.

"काय गं हे?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

मंगलताई बारबोले तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्या बार्शीला त्यांनी डोस पाजले होते.

"काही नाही आई. असंच."

"असंच? मी वाड्यावस्त्यांवर आयांना सांगून सांगून थकले, बायांनो, काजळ डोळ्यांत जातं, डोळे चिकटतात. आणि माझ्या घरात फिजिक्सवाली सून तीट लावते!"

"डोळ्यांत कुठे लावलीय? आणि काही नुकसान तर नाही ना त्यानं?"

"नुकसान काय व्हायचंय," मंगलताई म्हणाल्या आणि पोह्यांकडे वळल्या. पुढे कितीतरी वेळा हे वाक्य दोघींना आठवायचं होतं.

त्या गुरुवारी पर्णीला अठ्ठ्याहत्तर मिळाले.

"नजर लागली," केतकी अभिजीतला, नवऱ्याला, म्हणाली.

"अगं, एखाद्या दिवशी होतं कमी-जास्त."

पण केतकीने पुढच्या खेपेला तीट जरा मोठी लावली. सहासष्ट आले. मग उडदाच्या डाळीएवढी. एकोणसाठ. गणपतीनंतर वाटाण्याएवढी. चौपन्न. ग्रुपवर आता टाळ्या येत नव्हत्या. 'पर्णी बरी आहे ना?' असं स्नेहलने विचारलं, या वेळी चेहराबिहरा काही नव्हता, आणि त्याचाच केतकीला जास्त राग आला.

दिवाळीच्या सुट्टीआधी छायाताईंनी तिला बाजूला घेतलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. लई पोरं जात्यात आधार गटात. तिथं जास्त लक्ष देतो आपण."

"पण छायाताई, ती घरी गोष्टी रचून सांगते. कावळ्याला शाळेत पाठवते, शेवग्याच्या शेंगेचं लग्न लावते. ही मुलगी चंचल कशी असेल?"

"मला पण तसंच वाटायचं," छायाताई ओशाळून म्हणाल्या. "पण पाटी म्हणती नजर उड्या मारती. आता आपण काय पाटीपेक्षा शहाणे का?"

आधार गटाची खोली हिरव्या रंगाची, छान हवेशीर होती. तिथे चित्रं कमी, गाणी हळू, आणि सारखं एकच शिकवणं: माझ्याकडे बघ. तिथल्या ताई काही सांगण्याआधी मुलाची हनुवटी दोन बोटांनी वर करायच्या. "पर्णी, इकडं. माझ्या तोंडाकडं. शाब्बास!" बघितलं की हातावर चांदणीचा शिक्का.

आणि घरी केतकी. वरण-भात भरवताना, केस विंचरताना, चपला घालताना. "पर्णू, माझ्याकडे बघ. कुठे बघतेयस? इकडे." ती पर्णीच्या डोळ्यांवर पाळत ठेवून असायची. डोळे खिडकीकडे गेले की मनात नोंद करायची, फुलपात्रावर रेंगाळले की सेकंद मोजायची. पर्णी झोपली तरी तिचं समाधान होईना, म्हणून तिने पलंगाच्या वर एक कॅमेरा लावून घेतला होता. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता फोनवर लेकीची झोप बघायची.

शेवग्याच्या शेंगेचं लग्न कधी मोडलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्च उजाडला. गुरुवारचा दिवस. एकावन्न अंक आल्यावर केतकीने पर्णीला दुपारीच, शाळा सुटायच्या आधी, घरी आणलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून केतकीने खोलीचे जाड पडदे ओढले, आणि तिला थोपटता थोपटता सहज फोन उघडून कॅमेरा लागला आहे ना ते पाहिलं.

खोलीत अंधार होता, त्यामुळे कॅमेरा त्याच्या अवरक्त दिव्यांवर गेला होता. फोनवर सगळं राखाडी दिसत होतं. त्या राखाडी चित्रात केतकीला स्वतःचं कपाळ दिसलं. कोरं. सकाळी लावलेली लाल टिकली तिथे नव्हतीच.

तिने हात लावून पाहिलं. टिकली होती. बोटाला लागत होती. चित्रात नव्हती.

तिला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. अर्थात. लाल रंग आपल्या डोळ्यांना दिसतो, अवरक्त प्रकाश त्याला जुमानत नाही, त्यातून आरपार जातो. त्या प्रकाशात कुंकू, मेंदी, कपड्यावरची फुलं सगळी पुसट होतात. टिकून राहतो तो कोळसा. काजळी. तो सगळा प्रकाश गिळतो.

तिने फोनवर पर्णीचा चेहरा मोठा केला.

राखाडी कपाळाच्या कडेला एक काळंकुळकुळीत भोक होतं. वाटाण्याएवढं. आणि मधोमध, छायाताई काढायला विसरल्या होत्या ती पाटीची टिकली. तीही तशीच. काळी, गोल. यंत्राने दोन्हींतली कुठली धरायची?

केतकीला उमगलं. यंत्र एका क्षणी टिकलीपासून मोजत होतं, दुसऱ्या क्षणी तिटेपासून. खुंटाच इकडून तिकडे उडत होता आणि यंत्र म्हणत होतं, मुलीची नजर उडते. तीट मोठी झाली तसा यंत्राला ती जास्त आवडू लागली. अंक घसरला म्हणून तीट वाढवली, तीट वाढली म्हणून अंक घसरला. नऊ महिने.

"आई!" ती ओरडली. मंगलताई हातातलं शब्दकोड्याचं पेन तसंच धरून धावत आल्या. केतकीने फोन पुढे केला, आणि धड वाक्यं न जुळवता सगळं सांगितलं.

मंगलताई मटकन पलंगावर बसल्या. "म्हणजे नजर लागली ती तिटेचीच," त्या म्हणाल्या. हसण्यासारखं होतं ते, पण कोणी हसलं नाही.

बालवाडी साडेचारपर्यंत असायची. केतकी स्कूटर घेऊन निघाली. छायाताईंना आधी सांगायचं, मग पाटी बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं, असं मनाशी घोकत ती आधार गटाच्या दारात पोचली आणि तिथेच थबकली.

अकरा मुलं अर्धगोल करून बसली होती. अकराही चेहरे ताईंकडे वळलेले. एकाच्या गालावर तीट. पलीकडचीच्या हनुवटीवर. युवानच्या दोन्ही कानशिलांवर, एकेक. आजवर या दारात ती फक्त पर्णीकडेच बघायची; आज तिने तिटा मोजल्या. अकरांपैकी आठ मुलांना तिटा होत्या. जितका अंक कमी तितकी तीट मोठी, हे तिला यादी न पाहताही सांगता आलं असतं.

स्नेहल दारातच युवानला न्यायला उभी होती.

"स्नेहल, युवानला तीट कधीपासून लावतेस?"

"अगं, जूनपासूनच. तुझं बघूनच तर लावायला लागले!" स्नेहल सहज म्हणाली. "पहिल्या नंबरची आई लावतेय म्हटल्यावर... या गटातल्या सगळ्याच लावतात. का गं? काय झालं? अशी का बघतेस?"

केतकीने तिला आणि छायाताईंना तिथेच सगळं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सगळी मुलं तोंडं स्वच्छ धुऊन आली. छायाताईंनी स्वतः ओल्या रुमालाने एकेक कपाळ पुन्हा पुसलं. "देवा, पोरांची तोंडं पुसायची ती एवढी एक गोष्ट," त्या पुटपुटत होत्या, "तेवढीच राहिली बघा."

युवान अठ्ठेचाळीसवरून त्र्याऐंशीवर गेला. हनुवटीवाली मुलगी सत्त्याहत्तर. एकामागून एक सहा मुलं साठच्या वर आली. स्नेहल पदर तोंडाला लावून रडायला लागली, मग केतकीला मिठी मारून हसायला लागली.

शेवटी पर्णी बसली. केतकी नेहमीप्रमाणे समोरच्या खुर्चीवर. पाटीवर बदक आलं, बादली आली, छत्री आली.

सत्तावन्न.

"परत घ्या," केतकी म्हणाली.

परत घेतलं. छप्पन्न.

"पुसली ना नीट? कानामागे बघा. केसांत?"

"काही नाही ताई. कोरी आहे पोर."

केतकीने तिथूनच कंपनीच्या मदतवाहिनीला फोन लावला. वझे नावाच्या तरुणाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माफी मागितली, काजळाची नोंद केली. "पण मॅडम, आजचं मापन अगदी शुद्ध आहे. एकही उडी नाही. नजर फार स्थिर आहे मुलीची. फक्त ती चित्रांवर नाही."

"मग कुठे आहे?"

"नकाशा पाठवतो, बघा."

छायाताईंच्या पडद्यावर नकाशा आला. पाटीची चौकट, आत चार चित्रं, आणि जिथे नजर टिकली तिथे लाल डाग. युवानच्या नकाशात डाग चित्रांवर सांडले होते. पर्णीच्या नकाशात चित्रं जवळजवळ कोरी होती. एकच मोठा, गडद डाग, चौकटीच्या बाहेर, वरच्या काठाच्याही वर.

"तिथं तर काहीच नाही," छायाताई म्हणाल्या.

केतकी पर्णीच्या छोट्या खुर्चीत कशीबशी बसली. मान खाली घेऊन लेकीच्या उंचीला आली. पाटीकडे पाहिलं, मग वरच्या काठावरून, डाग होता तिथे, नजर नेली.

समोर तिची स्वतःची रिकामी खुर्ची होती. पाठीला तिची पर्स लटकत होती.

पर्णी बदक बघत नव्हती. बदक म्हटल्यावर ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, बदक बघितलेलं आईला चालेल का ते शोधत. नऊ महिने यंत्र चुकीचं सांगत आलं होतं. आता मात्र यंत्र बरोबर सांगत होतं.

"बाळाला सुई टोचताना," त्या संध्याकाळी मंगलताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी आयांना आधी तोंड फिरवायला सांगायची. मूल सुईकडे बघतच नाही. ते आईकडे बघतं. आई दचकली की ते किंचाळलंच समज." त्यांनी देठ बाजूला टाकला. "तुला बोलले असते आधी. पण तू म्हणशील, आई जुन्या वळणाच्या."

"तीट मी लावत होते आई, तुम्ही नाही," केतकी म्हणाली.

मार्चचा शेवटचा गुरुवार. मधल्या दोन आठवड्यांत केतकीने पलंगावरचा कॅमेरा काढून ठेवला होता. भरवताना ती स्वतःच्या ताटाकडे बघायची. ते जेवढं सोपं वाटतं तेवढं नव्हतं. पापणीआडून नजर पुन्हा पुन्हा पर्णीकडे सरकायची.

छायाताईंनी टिकली लावली. "बसा ताई."

केतकीने खुर्ची उलटी फिरवली आणि पर्णीकडे पाठ करून बसली.

"आई?" मागून पर्णी म्हणाली.

"इथेच आहे गं मी."

आता तिच्यासमोर एक खिडकी, तिच्याबाहेर भिंत, नळ आणि मुलांचे डबे धुवायचा कट्टा होता. मागे पाटी बोलू लागली. बदक कुठाय? बराच वेळ काही नाही. बादली कुठाय? खुर्ची कुरकुरली. पर्णी वाकून आईचा चेहरा शोधत असणार. केतकीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. वळावं, नुसतं एकदा हसून दाखवावं, एवढंच तिला वाटत होतं. पेला कुठाय? पुन्हा शांतता, पण आता खुर्ची वाजली नाही. छत्री कुठाय? पाटीने बारीक टुंग केलं. नजर चित्रावर पोचली की ती तसं करायची. मग आणखी एक टुंग. मग आणखी.

केतकी मोजत होती. बारा चित्रांत सहा.

"आई," पर्णी अचानक म्हणाली. "आई, तिकडे बघ!"

"पर्णी, पाटीकडं बघ हं," छायाताईंनी घाईने म्हटलं. आणि केतकीच्या कानाशी वाकून, "ताई, नका वळू. शेवटची चारच राहिलीत. चांगलं चाललंय तिचं."

"आई, बघ ना! तिकडे!"

बोललं तर नियम मोडतो. वळलं तर पर्णीची नजर पाटीवरून गेलेली तशीच राहणार. चार चित्रं, चौथीपर्यंतची चार वर्षं. केतकीला दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. शिवाय तिसरीही दिसत होती. दिवाळीपासून पर्णीने तिला काहीही दाखवलं नव्हतं.

"कुठे गं?" केतकीने विचारलं आणि वळली.

पर्णीचा हात त्याच खिडकीकडे होता, जिच्यासमोर बसून केतकी इतका वेळ नुसते टुंग मोजत होती. सवयीने केतकीची नजर आधी लेकीच्या चेहऱ्याकडे निघाली, तिच्या डोळ्यांकडे, टिकलीकडे. तिने ती वाटेतच वळवली आणि बोट दाखवत होतं तिकडे पाहिलं.

धुण्याच्या कट्ट्यावर एक कावळा बसला होता. चोचीत कुणाच्या तरी डब्यातला चमचा. उडायचा प्रयत्न करत होता आणि चमच्याच्या वजनाने पुन्हा पुन्हा खाली टेकत होता.

"त्याला शाळेत डबा मिळाला नाही," पर्णी म्हणाली. "म्हणून तो नुसता चमचा घेऊन चाललाय."

मागे पाटी एकटीच विचारत राहिली. झाड कुठाय? घर कुठाय? टुंग झालं नाही. मग तिने अंक सांगितला, एकोणसाठ, आणि छायाताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

केतकीने तो आकडा ऐकला. तिला नीट ऐकू आला. ती कावळ्याकडे बघत होती.

"मग?" तिने विचारलं. "आता भात कोण देणार त्याला?"